मनिलाचा महापूर आणि आपला वैनगंगाकाठ

26 सप्टेंबर 2009 ला फिलिपिन्सची राजधानी मनिला आणि तिला लागून असलेल्या शहरांवर केत्साना नावाचं वादळ आलं. तिथली माणसं त्याला ओंडॉय म्हणतात. वारा फार नव्हता, पण 24 तासांत 455 मिलिमीटर पाऊस कोसळला आणि त्यातला बहुतेक पहिल्या काही तासांतच. पूर्व विदर्भात वर्षभरात साधारण 1,200 ते 1,500 मिलिमीटर पडतो. म्हणजे आपल्या वर्षाच्या पावसाचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्यांच्याकडे एका दिवसात पडला. देशात साडेचारशेहून जास्त माणसं गेली.

पवनी, ब्रह्मपुरी, देसाईगंज, नरखेडकडच्या माणसाला हे कशाला सांगायचं? मनिला दाटीवाटीचं शहर, आपली गावं धानाच्या बांध्या आणि पऱ्हाटीच्या शेतांतली. पण त्या पुरानंतर तिथे जे घडलं आणि त्यांनी जे बदललं, त्यातलं बरंच आपल्याला जसंच्या तसं लागू पडतं. पुरातून परत उभं राहायचं काम पूर ओसरल्यावर सुरू होत नाही. त्याची तयारी उन्हाळ्यात करायची असते आणि ती बरीचशी गावाच्याच हातात असते, हे मला या लेखात पटवून द्यायचं आहे.

समुद्र लांब, तरी वादळ आपलं

प्रशांत महासागराच्या पश्चिम भागात ज्याला टायफून म्हणतात, तेच बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ. तापलेल्या समुद्रावरून वाफ उचलायची आणि ती जमिनीवर आणून ओतायची, हे दोघांचंही काम. किनारा ओलांडला की खालून वाफेचा पुरवठा तुटतो आणि वाऱ्याचा जोर ओसरतो. पण आधी भरून घेतलेला ओलावा लगेच संपत नाही. म्हणून किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, वारा पडल्यावरही, पाऊस धो धो पडत राहतो. हवा एक अंश सेल्सिअसने तापली तर ती सुमारे 7 टक्के जास्त वाफ धरू शकते. त्यामुळे अशा पावसाच्या सरी आता पूर्वीपेक्षा जड होत चालल्या आहेत.

सप्टेंबर 2021 मधलं गुलाब चक्रीवादळ आठवा. 26 तारखेला ते आंध्रच्या किनाऱ्यावर आलं, तेलंगणातून विदर्भ-मराठवाड्यावर सरकलं आणि पुढे अरबी समुद्रात जाऊन शाहीन या नावाने परत वादळ झालं. वाटेत 28 सप्टेंबरला यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागावच्या नाल्याच्या पुरात नागपूर-नांदेड एसटी बस वाहून गेली. समुद्र कधी न पाहिलेल्या गावाच्या नाल्यात समुद्रावरच्या वादळाचं पाणी होतं. पॅसिफिकमधली काही वादळंसुद्धा व्हिएतनाम-म्यानमार ओलांडून, मोडकळीला येऊन, बंगालच्या उपसागरात उतरतात आणि तिथे कमी दाबाचं क्षेत्र होऊन आपल्याकडे येतात.

पाणी नेमकं कुठून चढतं

आधी थोडं गणित करू. एका हेक्टरवर 100 मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे 10 लाख लिटर पाणी पडलं. गावच्या नाल्याचं पाणलोट हजार हेक्टरचं असेल, तर 100 कोटी लिटर. जूनमध्ये जमीन तहानलेली असते, भेगा उघड्या असतात, बरंचसं पाणी मुरतं. ऑगस्टअखेर मात्र काळी माती फुगून भेगा मिटलेल्या असतात आणि पाणी वरच्यावर वाहून जातं. म्हणून जूनच्या 100 मिलिमीटरला जो नाला पुलाखालून जातो, तोच ऑगस्टच्या तेवढ्याच पावसाला पुलावरून जातो.

यात धरणाची भर पडते. धरण पूर रोखतं हे खरं, पण त्यात जागा रिकामी असेल तोवरच. पावसाळ्याच्या शेवटी जलाशय भरत आलेला असतो, मग वरून येईल तेवढं पाणी खाली सोडावंच लागतं. 2020 च्या ऑगस्टच्या शेवटी हेच झालं. मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस झाला, शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून वैनगंगेत पाणी सुटलं, पेंच आणि कन्हानचं पाणी येऊन मिळालं आणि गोसीखुर्द धरणाची सगळी 33 दारं उघडावी लागली. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतल्या नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं तेव्हा अनेक ठिकाणी डोक्यावर पाऊस नव्हता. आभाळ उघडलेलं आणि नदी चढतीवर, यामुळेच माणूस फसतो. "पाऊस तर थांबला" म्हणून जनावरं गोठ्यातच राहतात आणि बियाण्याची पोती खालच्याच खोलीत.

विसर्गाच्या निरोपात 'क्युमेक' हा शब्द येतो. एक क्युमेक म्हणजे सेकंदाला एक हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर दहा सेकंदांत भरेल एवढी ती धार. असे हजारो क्युमेक नदीत सोडल्याचा निरोप आला की किती पाणी येतंय याचा अंदाज यावा म्हणून हे सांगितलं.

तिसरी गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात, ती म्हणजे दाब. मोठी नदी भरून वाहत असली की लहान नदीचं, नाल्याचं पाणी तिच्यात शिरू शकत नाही, ते मागे फुगतं. वर्धा नदी चढली की इरईचं पाणी तुंबून चंद्रपूरच्या सखल वस्त्यांत पसरतं ते यामुळे. भामरागडला पर्लकोटाचं पाणी पुलावर येतं त्यातही पुढे इंद्रावती किती भरली आहे हे पाहावं लागतं. सिरोंचाकडे गोदावरी आणि प्राणहिता दोघी एकदम चढल्या की काठच्या शेतांना निचराच उरत नाही. तेव्हा आपल्या नाल्यापुरता विचार करून भागत नाही, तो ज्या नदीला मिळतो तिची पातळी विचारायला हवी.

मनिलाजवळ पुराचं पाणी वळवायला मंगाहान नावाचा कालवा आहे. तो मरिकिना नदीचं जास्तीचं पाणी लगुना सरोवरात नेतो. 2009 मध्ये सरोवर भरून त्याच्या काठची गावं अनेक आठवडे, काही भाग तर महिनोन्‌महिने पाण्यात राहिले. वळवलेलं पाणी कुणाच्या तरी दारात जातंच. आपल्याकडे रस्ता उंच करताना, नाला सरळ करताना, खाणीच्या मातीचे ढिगारे नदीकाठी रचताना हा प्रश्न विचारला जात नाही, आणि तो ग्रामसभेनेच विचारायला हवा. पूर्व विदर्भाच्या मालगुजारी तलावांचं मोल इथे कळतं. कोहळी समाजाने आणि जुन्या मालगुजारांनी बांधलेले हजारो मामा (माजी मालगुजारी) तलाव पहिल्या जोराच्या पावसाचं पाणी अडवून धरायचे. आज कित्येकांत गाळ भरला आहे, सांडव्यावर अतिक्रमण आहे, पाळीवर झाडं वाढून मुळांनी ती पोखरली आहे. नवीन भिंती बांधण्याआधी या तलावांचा गाळ काढणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

पुलाच्या खांबावरचे आकडे

मनिलाकडून घेण्यासारखी पहिली गोष्ट अगदी साधी आहे. मरिकिना शहरात नदीची पातळी 15 मीटरला गेली की पहिला इशारा, सामान बांधा. 16 मीटरला दुसरा, घर सोडा. 18 मीटरला तिसरा, आता सक्तीने बाहेर काढणार. भोंगा वाजतो आणि कितव्या इशाऱ्याला काय करायचं हे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. ओंडॉयच्या वेळी तिथली पातळी साडेएकवीस मीटरपर्यंत गेली होती. नोव्हेंबर 2020 मध्ये दुसऱ्या एका वादळात ती त्याहूनही वर चढली. घरं तेव्हाही बुडाली, चिखल तेव्हाही झाला, पण माणसं मेली ती ओंडॉयपेक्षा कितीतरी कमी. याला इतरही कारणं असतील. तरी 'धोका वाढला आहे' या मोघम निरोपापेक्षा 'पाणी 16 ला लागलं' हा निरोप माणसाला लवकर उठवतो, याबद्दल मला शंका नाही.

हे आपल्या गावात करायला यंत्र लागत नाही. पुलाच्या खांबावर ऑइल पेंटने अर्ध्या-अर्ध्या मीटरवर रेघा आणि आकडे काढायचे. मागच्या मोठ्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते म्हाताऱ्या माणसांना विचारून शाळेच्या भिंतीवर, समाजमंदिराच्या ओट्यावर लाल रेघ मारायची, शेजारी साल लिहायचं. आणि एक वही ठेवायची. धरणातून किती क्युमेक सोडल्याचा निरोप कधी आला, त्यानंतर किती तासांनी आपल्या पुलाखाली पाणी कितव्या रेघेला लागलं. असे दोन-चार पावसाळे नोंदले की पुढच्या वेळी निरोप येताच गावाला कळतं: एवढा विसर्ग म्हणजे अमुक तासांनी खालच्या टोलीत पाणी. ही माहिती कोणत्याही कार्यालयाकडे तयार मिळणार नाही, कारण तुमच्या गावाचा उतार तुमच्याच गावाला माहीत.

आणि पुलावर पाणी असताना गाडी घालू नये, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच. वाहतं पाणी पायाच्या घोट्याच्या थोडं वर असलं तरी माणसाचा तोल घालवतं. गुडघ्याएवढं असेल तर लहान गाडी तरंगायला लागते, दोन फुटांवर गेलं की बहुतेक गाड्या वाहून जातात. शिवाय खालचा रस्ता उरला आहे की खरडून गेला, हे गढूळ पाण्यातून दिसत नाही.

नदीकाठी घर बांधायचं असेल तर जलसंपदा विभागाच्या दोन पूररेषा विचारून घ्या. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. '100 वर्षांतून एकदा' ऐकून निर्धास्त होऊ नका. त्याचा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षं त्या घरात राहणार असाल तर तो पूर एकदा तरी पाहायची शक्यता सुमारे 26 टक्के आहे, आणि निळ्या रेषेच्या आत 70 टक्के. मोवाडने हे फार मोठी किंमत देऊन अनुभवलं. 30 जुलै 1991 ला वर्धा नदीच्या पुरात नरखेड तालुक्यातल्या या एका गावातली 204 माणसं गेली.

पाणी उतरल्यावर येणारं आजारपण

ओंडॉयच्या पुरानंतर महिनाभरात मनिलाच्या परिसरात लेप्टोस्पायरोसिसची मोठी साथ आली. दोन हजारांवर रुग्ण, दीडशेवर मृत्यू. उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीतले जंतू साचलेल्या पाण्यात आणि चिखलात उतरतात आणि पायाच्या जखमेतून, भेगेतून शरीरात शिरतात. ताप यायला साधारण एक-दोन आठवडे लागतात, तोवर पुराची आठवण मागे पडलेली असते. आपल्याकडे रोवणी करणाऱ्या बाया-माणसांचे पाय आधीच भेगाळलेले असतात. म्हणून पुराच्या पाण्यात उतरल्यानंतर महिनाभरात ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं यातलं काही झालं तर डॉक्टरला आपण होऊन सांगायचं, "मी पुराच्या पाण्यात होतो." हे एक वाक्य निदान लवकर करून देतं. प्रतिबंधाची गोळी असते, ती आरोग्य केंद्रातून विचारूनच घ्यावी.

दुसरी काळजी विहिरीची. पुराचं पाणी शिरलेल्या विहिरीत शेणखत, संडासाचं पाणी, मेलेली जनावरं, सगळंच आलेलं असतं. पाणी निवळलं, नितळ दिसलं म्हणजे चांगलं झालं असं नाही. आधी गढूळ पाणी उपसायचं, पण घाईने नाही. भोवतालची जमीन पाण्याने तट्ट असताना विहीर एकदम रिकामी केली तर बांधकाम आत ढासळू शकतं. गाळ काढायला माणूस खाली उतरवू नये, तळाशी दूषित हवा साचून जीव गेल्याची उदाहरणं दरवर्षी होतात.

मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. मात्रेचं सूत्र सोपं आहे: विहिरीचा व्यास मीटरमध्ये, त्याला त्याच आकड्याने गुणा, पाण्याच्या खोलीने गुणा, मग 785 ने गुणा. लिटर निघतात. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सुमारे 28 हजार लिटर. नेहमीसाठी हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर धरतात, म्हणजे इथे 70 ग्रॅम. पूर शिरलेल्या विहिरीला याहून जास्त लागते, ती मात्रा आरोग्य सेवकाकडून ठरवून घ्यावी. पावडर थेट विहिरीत फेकू नये. बादलीत आधी लगदा करायचा, मग पाणी घालून ढवळायचं, दहा मिनिटं चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीने विहिरीत खोलवर सोडायचं. तासाभराने जलसुरक्षकाला ओटी टेस्ट करायला सांगा. नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले की पिवळा रंग यायला हवा. रंगच आला नाही तर क्लोरीन घाणीतच संपलं, परत मात्रा द्यावी लागेल. गावाने दोन गोष्टी मेमध्येच पाहून ठेवाव्यात: पावडरची पिशवी बंद आणि कोरडी आहे ना, ती जुनी नाही ना. उघडी राहिलेली जुनी पावडर म्हणजे नुसता चुना.

शेतात वाफसा येईपर्यंत

पाण्यात उभ्या पऱ्हाटीची मुळं गुदमरतात. त्यात पाणी उतरताच कडक ऊन पडलं तर हिरवीगार झाडं एक-दोन दिवसांत माना टाकतात, त्याला आकस्मिक मर म्हणतात. म्हणून पहिलं काम चर काढून पाणी बाहेर घालवणं. ते दोन दिवसांत झालं तर बरीच झाडं वाचतात. त्यानंतरची आळवणी आणि खताची मात्रा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे करावी, दुकानदाराच्या नाही. ओल्या शेतात डवरे घालायची घाई करू नये, माती दाबली जाते आणि पुढच्या हंगामालाही त्रास होतो.

ऑगस्टअखेर पीक पूर्ण गेलंच तर खरीप परत उभा होत नाही. लवकर हरभरा, जवस, करडई, धानपट्ट्यात लाखोळी, याची तजवीज करावी लागते, आणि बियाण्याला त्याच वेळी सगळे धावतात. सोयाबीनची गंजी भिजून कोंब फुटले असतील तर त्यातलं बियाणं पुढच्या सालासाठी ठेवण्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पाहा. सत्तरपेक्षा कमी उगवले तर ते पेरायचं बियाणं नव्हे.

पंचनामा आणि पैसा

मदतीचे आकडे माहीत असले तर माणूस गाफील राहत नाही. केंद्राच्या 2022-26 च्या निकषांप्रमाणे 33 टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500 रुपये, ओलिताला 17,000, बहुवार्षिक पिकाला 22,500, दोन हेक्टरांपर्यंत. राज्य सरकार वेळोवेळी यात भर घालतं. शेतात गाळ साचला तर हेक्टरी 18,000. दुभती गाय-म्हैस गेली तर 37,500, बैल 32,000, शेळी 4,000. सपाट भागात घर पूर्ण पडलं तर 1 लाख 20 हजार. या पैशात शेत किंवा घर पहिल्यासारखं होत नाही, हे कुणीही शेतकरी सांगेल. तरी तो हक्क आहे आणि तो कागदावाचून बुडतो.

म्हणून पाणी उतरताच, साफसफाई करण्याआधी, फोटो काढा. भिंतीवरची पाण्याची खूण, भिजलेली पोती, मेलेलं जनावर, शेतातला गाळ, आणि फोटोत ओळखू येईल असं काहीतरी, विहीर, धुऱ्यावरचं झाड. ई-पीक पाहणी वेळेत केलेली असावी. बँकेचं खातं आधारला जोडलेलं असावं. यादीत नाव आल्यावर ई-केवायसी लागत असेल तर सेवा केंद्रात ती करेपर्यंत पैसे जमा होत नाहीत, आणि कित्येक म्हाताऱ्या माणसांचे पैसे अंगठा न उमटल्यामुळे अडकतात. अशा घरांची यादी आशाताईला, अंगणवाडीताईला तोंडपाठ असते. ती उन्हाळ्यातच लिहून काढली तर अर्धी धावपळ वाचते. पीक विम्याचे नियम मात्र बदलत राहतात. 2025 च्या खरिपापासून राज्यात एक रुपयाचा विमा बंद होऊन भरपाई पीक कापणी प्रयोगावर आली, तेव्हा जुन्या अनुभवावर विसंबू नका.

फिलिपिन्सने ओंडॉयनंतर, मे 2010 मध्ये, नवा कायदा केला. प्रत्येक स्थानिक संस्थेने उत्पन्नाचा किमान 5 टक्के भाग आपत्तीसाठी वेगळा ठेवायचा आणि त्यातला 70 टक्के संकट येण्याआधीच्या तयारीवर वापरायचा. तातडीच्या मदतीला 30 टक्के. आपल्या राज्य आपत्ती निधीच्या रचनेत जास्त वाटा अजून आपत्ती आल्यानंतरच्या कामांचा आहे, प्रतिबंधासाठी वेगळा ठेवलेला निधी त्यामानाने लहान. ग्रामपंचायत धोरण बदलू शकत नाही. पण 1 मेच्या ग्रामसभेत स्वतःच्या उत्पन्नातले काही हजार रुपये दोर, बॅटऱ्या, टीसीएल, पुलाच्या रेघांचा रंग आणि नाल्यातली झाडझुडपं काढायला बाजूला ठेवणं तिच्या हातात आहे.

त्याच ग्रामसभेत आणखी एक विषय घ्यावा, तो माझ्या जिवाला लागलेला आहे. आपल्याकडे कितीतरी जमीन मक्त्याने, बटईने कसली जाते. सातबारा एकाचा, राबतो दुसरा. पुरात बियाणं, खत, मजुरी बटईदाराची जाते आणि मदत सातबाऱ्यावरच्या नावाला मिळते. विधवा बाई दिराच्या नावावरची जमीन कसत असेल तर तिचंही हेच होतं. कायदा बदलायला वेळ लागेल. तोवर पेरणीआधी साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर, एवढं तरी लिहून ठेवा: कोणत्या गटाची जमीन, कोण कसणार, खर्च कोणाचा, आणि सरकारी मदत आली तर तिचा किती हिस्सा कसणाऱ्याला. बोलणं तोंडी झालं की पैसे जमा झाल्यावर आठवण बदलते. कागदाची एक प्रत मालकाकडे, एक बटईदाराकडे आणि एक ग्रामपंचायतीच्या कपाटात, वरच्या फळीवर.